डोक्यावरील गजकर्ण
डोक्याची त्वचा व केस यांना होणारा कवकजन्य संसर्ग. खपल्या सुटणे व त्याच जागी केस जाऊन चट्टा पडणे ही त्याची प्रमुख लक्षणे होत. हा रोग मुख्यतः यौवनारंभापूर्वीच्या मुलांना होतो. लोकव्यवहारात कोंडा, चाई व खवडा हे शब्द वाटेल तसे वापरले जात असल्याने पुष्कळदा उपचार भलत्याच विकारावर होतो.

कोंड्यात खपल्या डोकेभर पसरलेल्या असतात व केस तुटत नाहीत. शिवाय शाळकरी मुलांत खरा कोंडा क्वचितच आढळतो. चाईमध्ये चट्टा गुळगुळीत असून त्यावर खपल्या नसतात. ती शरीराच्या प्रतिरक्षा यंत्रणेने केशमुळांवर केलेल्या आघातामुळे होते आणि संसर्गजन्य नाही. गजकर्णात मात्र खपल्या आणि केसगळ एकत्र असतात. केस त्वचेलगत तुटून काळे ठिपके दिसतात व मानेच्या मागील लसीका ग्रंथी सुजतात.

ट्रायकोफायटॉन व मायक्रोस्पोरम या वंशांतील कवके या रोगास कारणीभूत असतात. भारतात ट्रायकोफायटॉन व्हायोलेसियम ही जाती विशेष आढळते. ती माणसाकडून माणसाकडे फणी, टोपी, उशी व न्हाव्याची हत्यारे यांमार्फत पसरते. मायक्रोस्पोरम कॅनिस हे कवक मांजरे व कुत्री यांच्यापासून येते. त्याने बाधित झालेले केस वुड दिव्याच्या जंबुपार प्रकाशात हिरवट चमकतात; व्हायोलेसियमने बाधित झालेले चमकत नाहीत. त्यामुळे चमक न दिसणे म्हणजे रोग नसणे नव्हे. तुटलेले केस पोटॅशियम हायड्रॉक्साइडाच्या विद्रावात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे हीच भरवशाची प्राथमिक परीक्षा होय.

काही मुलांत जागा सुजून मऊ होते व तिच्यातून पू वाहतो. यास किरीऑन म्हणतात. लोकभाषेतील खवडा पुष्कळदा हाच असतो. गळू समजून तो चिरण्याची चूक होते. उपचार लांबल्यास केशपुटके नष्ट होऊन तेथे कायमचे टक्कल पडते.

केवळ मलमाने हा रोग बरा होत नाही, कारण कवक केसाच्या मुळापर्यंत गेलेले असते. स्टेरॉइडमिश्रित मलमाने खाज थांबते, पण कवक पसरतच राहते. ग्रिझिओफुलव्हीन सामान्यतः ६ ते ८ आठवडे दूध वा स्निग्ध अन्नाबरोबर पोटात देतात. ट्रायकोफायटॉन संसर्गात टर्बिनाफीन सुमारे ४ आठवडे पुरते. कीटोकोनॅझोल वा सिलेनियम सल्फाइड असलेल्या शांपूने बीजुके कमी होतात. तो पूरक उपाय आहे. मुंडन आवश्यक नसते.

ग्रिझिओफुलव्हीन १९३९ मध्ये वेगळे करण्यात आले, तरी माणसांतील या रोगावर ते १९५८ पासून वापरात आले. तोपर्यंत पॅरिसमधील साबूरो यांनी १९०४ मध्ये रूढ केलेल्या पद्धतीने क्ष-किरणांच्या साहाय्याने केस पाडीत. इस्राएलमध्ये १९४८ नंतर उत्तर आफ्रिका व मध्य पूर्वेतून आलेल्या हजारो मुलांवर हा प्रयोग झाला. पुढे त्यांच्यात मेंदूची व अवटू ग्रंथीची अर्बुदे अधिक आढळली, आणि १९९४ मध्ये त्यांच्या भरपाईसाठी तेथे कायदा करावा लागला.

रुग्णाच्या भावंडांचीही तपासणी करतात, कारण लक्षणे नसतानाही ती कवकाची वाहक असू शकतात. फणी व टॉवेल वेगळे ठेवावेत. उपचार सुरू झाल्यावर मुलास शाळेत पाठविण्यास हरकत नसते.