सभासद न होण्याचा हक्क

संघटना म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे मोर्चा येतो, मागण्यांचे निवेदन येते. आणि हुकूमशाही म्हटली की अशा संघटनांवर बंदी. माझीही समजूत अशीच होती. नॉर्वेतील शिक्षकांच्या १९४२ सालच्या लढ्याविषयी वाचले तेव्हा ती पार उलटीपालटी झाली. तेथे सरकारने स्वतःच शिक्षकांची संघटना काढली आणि देशातल्या एकूण एक शिक्षकाला तिचा सभासद करून टाकले. शिक्षक लढले ते त्या संघटनेत न जाण्यासाठी.

एप्रिल १९४० मध्ये हिटलरच्या फौजा नॉर्वेत शिरल्या. खरी सत्ता टर्बोव्हेन या जर्मन अधिकाऱ्याच्या हाती होती आणि त्याच्या छायेत क्विसलिंग हा नॉर्वेचाच पुढारी नाझी वळणाचा आपला पक्ष चालवीत होता. (इंग्रजी शब्दकोशात त्याचे नाव आज 'देशद्रोही' या अर्थाने सापडते!) शिक्षकांच्या जुन्या संघटना तेव्हा होत्याच. मे १९४१ मध्ये निरनिराळ्या व्यवसायांच्या ४३ संघटनांनी मिळून टर्बोव्हेनला निषेधाचे पत्र धाडले. महिन्याभरातच त्यांपैकी काही बरखास्त झाल्या आणि उरलेल्यांवर पक्षाची माणसे नेमली गेली. मग सभासदच बाहेर पडू लागले. कचेऱ्या तेवढ्या मागे राहिल्या.

फेब्रुवारी १९४२ मध्ये क्विसलिंग सरकारचा प्रमुख झाला आणि ५ तारखेला दोन कायदे निघाले. एकाने सक्तीचा शिक्षकसंघ स्थापन झाला. दुसऱ्याने दहा ते अठरा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीला पक्षाच्या युवक संघटनेत सेवा सक्तीची झाली. हे दोन कायदे एकाच दिवशी का निघाले, हे सांगायला नकोच.

पण बंदी घालून काम भागत असताना संघ काढण्याचा खटाटोप कशाला? याचे उत्तर जर्मनीत मिळते. २ मे १९३३ रोजी तेथील कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेण्यात आल्या आणि आठवड्याभरात त्यांच्या जागी नाझींची 'कामगार आघाडी' उभी राहिली. नाझी शिक्षक संघात १९३७ पर्यंत सुमारे ९७ टक्के शिक्षक दाखल झालेले होते. बंदी घातली की माणूस गप्प बसतो, पण मनातून विरोधात राहतो. संघात ओढला की त्याच्याच तोंडून हुकूम वदवता येतो, आणि 'शिक्षकांची हीच इच्छा आहे' असे सांगायलाही सरकार मोकळे. क्विसलिंगला असे प्रत्येक व्यवसायाचे संघ बांधून त्यांवर आपले राज्य उभारायचे होते. सुरुवात शिक्षकांपासून झाली.

ओस्लोतील काही शिक्षकांनी गुप्तपणे चार ओळींचा मजकूर तयार केला. त्याचा आशय असा, की मुलांना या नव्या पद्धतीने वाढवणे माझ्या सद्सद्विवेकबुद्धीला पटत नाही आणि म्हणून मी स्वतःला संघाचा सभासद मानीत नाही. प्रत्येकाने हाच मजकूर उतरून काढायचा, खाली स्वतःचे नाव आणि पत्ता घालायचा आणि २० फेब्रुवारीला टपालात टाकायचा. आठ हजारांहून अधिक शिक्षकांनी तसे केले.

या पत्राशी मी पुष्कळ वेळ थांबलो. मजकूर सर्वांचा एकच, म्हणजे कोणी पुढारी म्हणून वेगळा पकडता येत नाही. पण नावपत्ता ज्याचा त्याचा, म्हणजे लपायलाही जागा नाही. सही करणाराच्या घरात बायकामुले असणार. वडिलांचा रोज बुडाला की चूल कशी पेटते हे मला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. म्हणून मला भाषणांपेक्षा हे पत्ते मोठे वाटतात. मी पत्ता घातला असता का? अजून ठरवता आलेले नाही.

सरकारने इंधनाच्या टंचाईचे निमित्त सांगून महिनाभर शाळा बंद केल्या. जंगलांनी भरलेल्या देशात हे कोणाला पटावे? पालकांची निषेधाची पत्रे ढिगांनी आली. शिक्षकांचे पगार थांबले, तेव्हा गुप्त वर्गणीतून त्यांच्या घरी पैसे पोचवले जात. शिकवणे घरांतून चालू राहिले.

२० मार्चला अटकसत्र सुरू झाले आणि सुमारे १,१०० शिक्षक पकडले गेले. छावणीत त्यांना अपुरे अन्न देऊन बर्फात सरपटायला लावीत. शब्द मागे घेणारे थोडेच निघाले. एप्रिलमध्ये सुमारे ५०० जणांना आधी गुरांच्या डब्यांतून आणि मग खच्चून भरलेल्या 'शेर्स्टाद' या बोटीतून उत्तर टोकाच्या किर्केनेसला नेले. गाडी जाताना स्थानकांवर मुले उभी राहून गाणी म्हणत. किर्केनेसच्या बंदरात शिक्षकांनी हमाली केली. तेथे रशियन युद्धकैदीही राबत होते.

दरम्यान शाळा पुन्हा उघडाव्या लागल्या होत्या; शिक्षकांशिवाय त्या चालवणार कोण? मे महिन्यात क्विसलिंग स्वतः ओस्लोजवळच्या स्टाबेक येथील शाळेत गेला आणि शिक्षकांवर ओरडला, की तुम्ही माझे सगळे धुळीस मिळवलेत. संघ कागदावर राहिला. व्यवसायसंघांच्या राज्याची योजना त्याला पुढे सोडून द्यावी लागली. किर्केनेसची शेवटची तुकडी नोव्हेंबरात घरी आली.

युद्धानंतर, १९४८ मध्ये, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने ८७ क्रमांकाचा करार संमत केला. पूर्वपरवानगीशिवाय आपल्या पसंतीची संघटना काढण्याचा आणि तिच्यात सामील होण्याचा हक्क त्यात आहे. यातल्या 'आपल्या पसंतीची' या शब्दांवरून माझी नजर एरवी सरळ पुढे गेली असती. भारताने या करारास अद्याप मान्यता दिलेली नाही; सरकारी नोकरांवरील निर्बंध हे त्याचे कारण सांगितले जाते. आमच्या प्राध्यापकांना हे ठाऊक असेलच. मला नव्हते.