बाजार तेजीत, प्रदर्शन बंद

2017 हे अमेरिकेतल्या आरव्ही उद्योगाचं भरभराटीचं वर्ष. कारखान्यांतून पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. तोवरचा तो उच्चांक होता. त्याच वर्षाच्या अखेरीस केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरात या उद्योगाचं राष्ट्रीय व्यापार प्रदर्शन भरलं आणि ते तिथलं शेवटचं ठरलं. 1963 पासूनची परंपरा उद्योगाच्या स्वतःच्याच संघटनेनं गुंडाळली. धंदा बसला म्हणून मंडप उठला असता तर नवल नव्हतं. इथे गल्ला भरत असताना उठला.

आधी ओळख करून घेऊ. मोटारीमागे ओढून न्यायची ती कॅराव्हॅन; स्वतःचं इंजिन असलेली ती मोटरहोम; अमेरिकेत दोन्ही आरव्ही या एकाच नावाखाली येतात. आत पलंग, ओटा, फ्रिज, संडास. आपल्याकडे तिची सर्वांत जवळची नातलग म्हणजे सिनेमावाल्यांची व्हॅनिटी व्हॅन.

लुईव्हिल हे व्यापाऱ्यांचं प्रदर्शन होतं, हौशी गिऱ्हाइकांचं नव्हे. थंडीच्या तोंडावर देशभरातले डीलर तिथे जमत, पुढच्या वर्षाची मॉडेलं पाहत, भावाची घासाघीस करत आणि वसंतातल्या हंगामासाठी ऑर्डरी नोंदवून परतत. त्या ऑर्डरी हाच प्रदर्शनाचा प्राण होता. तो काढून घेतला इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट काउंटीनं. उत्तर अमेरिकेतल्या बहुतेक आरव्ही या भागातच बनतात. 2008 च्या मंदीनं हा भाग अक्षरशः झोपवला होता. 2009 मध्ये देशभरात जेमतेम 1 लाख 65 हजार गाड्या कारखान्यांबाहेर पडल्या. अध्यक्ष झाल्यावर महिन्याच्या आतच बराक ओबामा एल्कहार्टला गेले, कारण बेकारीचं जितंजागतं उदाहरण तिथे समोर होतं.

मंदीतून सावरताना कारखानदारांनी साधा हिशेब मांडला. गाड्या लुईव्हिलला न्यायच्या, चौरस फुटाला भाडं मोजायचं, माणसांची हॉटेलं पोसायची, एवढं सगळं कशासाठी? त्यापेक्षा डीलरांनाच सप्टेंबरात आपल्या आवारात बोलवावं. याला ‘ओपन हाउस’ म्हणतात. शेजारीच प्रतिस्पर्ध्याचा स्टॉल नाही, पाहुणचार आपला, आणि लुईव्हिलच्या दोन-अडीच महिने आधी ऑर्डरवही भरलेली. मग डिसेंबरात डीलरनं लुईव्हिलला जाऊन घ्यायचं काय?

संघटनेनं नवा घाट घातला. मार्च 2019 मध्ये सॉल्ट लेक सिटीला ‘आरव्हीएक्स’ नावाचा सोहळा झाला. ऑर्डरींपेक्षा झगमगाटावर, माध्यमांचं लक्ष वेधण्यावर भर होता. पुढच्या वर्षीचा सोहळा भरण्याआधीच रद्द झाला. माझ्या मते त्याचं अपयश आराखड्यातच होतं. सौदा नसेल तर व्यापारी दिव्यांच्या रोषणाईसाठी विमानाचं तिकीट काढत नाही.

यात आणखी एक पदर आहे, तो मालकीचा. अमेरिकी बाजाराचा फार मोठा वाटा थॉर, फॉरेस्ट रिव्हर आणि विनिबागो या तीन समूहांकडे आहे. फॉरेस्ट रिव्हर 2005 पासून वॉरन बफेंच्या बर्कशायर हॅथवेची. थॉरनं 2019 मध्ये जर्मनीचा एर्विन हायमर समूहही विकत घेतला. गाड्यांवरची नावं पंचवीस दिसली तरी मालक एकच असतो. त्यानं अंग काढून घेतलं की एका दिवसात अख्खी दालनं रिकामी होतात. उरलेल्या लहान कारखान्यांच्या, आणि छतऱ्या, बॅटऱ्या, हीटर विकणाऱ्यांच्या बळावर मोठं सभागृह भरत नाही. खरं नुकसान याच मंडळींचं होतं. थॉरचं स्वतःचं अंगण आहे, या छोट्यांनी डीलरला बोलवायचं कुठे?

युरोपातलं चित्र वेगळं आहे. ‘कॅराव्हॅन सलोन’ 1962 मध्ये जर्मनीतल्या एसेन शहरात सुरू झालं आणि 1994 मध्ये ड्युसेलडॉर्फला आलं. ऑगस्टच्या अखेरीस सुरू होऊन सप्टेंबरात संपणारी ही जत्रा या क्षेत्रातली जगातली सर्वांत मोठी. 2019 मध्ये सुमारे 2 लाख 70 हजार लोक आले. करोनाच्या वर्षी जगभरची प्रदर्शनं रद्द होत असताना, सप्टेंबर 2020 मध्येही इथे एक लाखावर माणसं आली. कारण इथे येणारा मुख्यतः कुटुंबकबिला आहे आणि तो सॅम्पल फ्लॅट पाहायला आल्यासारखा वागतो: बूट काढून पलंगावर आडवा होतो, कपाटं उघडतो, शॉवरखाली डोकं टेकतं का बघतो, संडासात बसूनही पाहतो. हे व्हिडिओवर होत नाही. शिवाय हजारो लोक स्वतःच्याच मोटरहोममधून येतात आणि प्रदर्शनाच्या वाहनतळावर मुक्काम ठोकतात. दिवसा नवी गाडी पाहायची, रात्री जुनीत झोपून तुलना करायची.

तरीही युरोपनं निर्धास्त राहावं असं नाही. टाळेबंदीनंतर लोक या गाड्यांवर तुटून पडले. अमेरिकेत 2021 मध्ये सहा लाखांवर गाड्या गेल्या. युरोपात चासीचा तुटवडा, गिऱ्हाईक महिनोन्महिने रांगेत. त्या वेळी प्रदर्शनावर खर्च कशाला, असं कंपन्यांना वाटणं साहजिक होतं. मग व्याजदर चढले. 2023 मध्ये अमेरिकेतला आकडा 3 लाख 13 हजारांवर घसरला. जर्मनीत डीलरांची आवारं न विकल्या गेलेल्या गाड्यांनी तुंबली आणि 2024 च्या अखेरीस क्नाउस टाबर्ट कंपनीला काही काळ उत्पादन थांबवावं लागलं. आता गिऱ्हाईक हवंय, तर स्टॉलचं भाडं जड जातंय. तेजीत प्रदर्शनाची गरज वाटत नाही आणि मंदीत ते परवडत नाही. 1905 मध्ये सुरू झालेला जिनिव्हाचा मोटार शोसुद्धा 2024 मध्ये कायमचा बंद झाला, हे आयोजकांनी विसरू नये.

महाराष्ट्रानं 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. अशा प्रदर्शनाला पुरेल एवढा बाजार मात्र इथे अजून उभा राहिलेला नाही.

माझा अंदाज स्पष्ट आहे. फक्त डीलरांसाठीची मोठी प्रदर्शनं परत येणार नाहीत. ड्युसेलडॉर्फ टिकेल, मधल्या फळीतली सर्वसाधारण प्रदर्शनं आक्रसत जातील, आणि एखाद्या बड्या समूहानं पाठ फिरवली की त्यांना धाप लागेल. जर्मनीत लेक-जावई असतील, ऑगस्टअखेर तिकडे जाणं होणार असेल, तर एक दिवस ड्युसेलडॉर्फसाठी जरूर ठेवा. शनिवार-रविवार टाळा, आणि काढायला सोपे बूट घाला.