मटारच्या पाकिटावर मडकं का नाही?



हिवाळ्यात आमच्या जबलपूरच्या मंडईत मटारचे ढीग लागतात. हाच मटार गोठवून पाकिटातही मिळतो. पाकिटावर हिरवा ठिपका असतो, म्हणजे पदार्थ शाकाहारी. पण तो पिकवताना, टिकवताना पर्यावरणावर किती भार पडला, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

खरं तर पर्यावरणाची खूण आपल्याकडे आहे. 1991 साली सरकारने ‘इकोमार्क’ आणला. त्याचं चिन्ह मातीचं मडकं. दुकानात पाहिलंय कधी? बहुतेक नाही. ते ऐच्छिक होतं, फारच थोड्या कंपन्यांनी घेतलं. हिरवा ठिपका सक्तीचा, म्हणून घरोघरी ओळखीचा.

अर्थात, हिशेब सोपा नाही. ब्रिटनच्या टेस्कोने 2007 मध्ये आपल्या मालावर कार्बनचा आकडा छापायचं जाहीर केलं आणि 2012 मध्ये सोडून दिलं. एकेका वस्तूच्या मोजणीला महिने लागत.

मटारचंच बघा. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन धरतात, म्हणून युरिया कमी लागतो. पण गोठवलेला मटार उणे 18 अंशांवर ठेवायला सतत वीज लागते. दोघांना एकच आकडा कसा लावणार? आणि सरसकट सरासरी छापली, तर बेताने खत-पाणी वापरणाऱ्या शेतकऱ्याला काय मिळालं?

माझ्या मते उत्तर आपल्या फ्रिजवर आहे. विजेचे तारे आधी ऐच्छिक होते, मग सक्तीचे झाले. आज आपण तारे मोजूनच फ्रिज घेतो. त्यातल्या मटारच्या पाकिटालाही तसेच तारे हवेत.