दूध सोडायचं, पण ताट रिकामं ठेवायचं नाही



आजचा विषय ऐकून काहीजणी हसतील. आम्हीही आधी हसलोच होतो. आमच्या गटातल्या एका ताईंची लेक नाशिकला कॉलेजात शिकते. सुट्टीत घरी आली आणि आईने चहाचा कप पुढे केला तर म्हणाली, "मला कोरा दे. मी महिनाभर व्हेगन राहायचं ठरवलंय." आईला वाटलं, पोरीला काही दुखणं झालं. ताई मासिक बैठकीला आल्या त्या हाच प्रश्न घेऊन: "हे व्हेगन म्हणजे काय, आणि पोरीची तब्येत तर नाही ना बिघडायची?" बचतीचे पैसे मोजून झाले, पण त्या दिवशी बैठक उठायला संध्याकाळ झाली.

आधी शब्दाचा अर्थ पाहू. आपल्याकडे माळकरी माणूस मांस, मासे, अंडी खात नाही, पण दूध, दही, तूप खातो. व्हेगन माणूस जनावरापासून मिळणारं काहीच खात नाही. म्हणजे मटण-मासे नाहीत, अंडं नाही, आणि दूध, दही, ताक, लोणी, तूप, खवा, पनीर, मधसुद्धा नाही. पक्के व्हेगन चामडं आणि रेशीमही वापरत नाहीत. म्हणजे आपल्या येवल्याची पैठणीही गेली! आपण आज फक्त खाण्यापुरतं बोलू. हा शब्द इंग्लंडमध्ये १९४४ साली तयार झाला. तिकडे आता बरेच लोक जानेवारीचा एक महिना असा नेम धरतात. आपल्याला नेम काही नवा नाही. चातुर्मासात कुणी कांदा-लसूण सोडतं, कुणी वांगं सोडतं, कुणी एकभुक्त राहतं. तसाच हा एक नेम समजा.

आपल्या देशात असा नेम फार पूर्वी एका मोठ्या माणसाने केला होता. महात्मा गांधींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत असताना दूध सोडलं. कलकत्त्यात गाई-म्हशींचं दूध काढण्यासाठी त्यांचे कसे हाल करतात, हे त्यांच्या वाचण्यात आलं होतं, आणि दूध माणसाला गरजेचं नाही असंही त्यांचं मत झालं होतं. फळं, शेंगदाणे यांवर ते राहिले. पण १९१८ साली गुजरातेत खेड्याचं काम करताना ते फार आजारी पडले. अंगात ताकदच राहिली नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, दूध घेतल्याशिवाय शरीर भरून येणार नाही. गांधीजी नेम मोडायला तयार नव्हते. तेव्हा कस्तुरबांनी वाट काढली. नेम घेताना तुमच्या मनात गाय आणि म्हैस होती ना, मग शेळीचं दूध घ्यायला काय हरकत आहे? गांधीजींनी शेळीचं दूध घेतलं, पण शब्द पाळला आणि नेमाचा आत्मा मोडला, ही बोच त्यांना कायम राहिली.

ही गोष्ट आम्ही बैठकीत सांगितली तेव्हा सगळ्याजणी कस्तुरबांच्या बाजूने होत्या! पण यातून शिकायचं ते असं की मनाचा निर्धार कितीही पक्का असला, तरी शरीराला काय लागतं ते कळल्याशिवाय नेम धरू नये. गांधीजींच्या काळात ब-१२ जीवनसत्त्व कुणाला ठाऊकच नव्हतं. ते वेगळं करता आलं १९४८ साली. आपल्याला आज ते ठाऊक आहे.

श्रावणात आपण गटाने एकवीस दिवस हा नेम करून पाहू या, असं काहीजणी म्हणाल्या. त्यावर कोपऱ्यात बसलेल्या एक मावशी बोलल्या, "अगं, सोडायला आधी ताटात तर यायला पाहिजे! चार म्हशी धुतल्या, डेअरीला दूध घातलं, नवऱ्याला दिलं, नातवाला दिलं. माझ्या वाट्याला कपात दोन थेंब. मी काय सोडू?"

बैठक एकदम शांत झाली. मावशींनी अगदी खरं तेच सांगितलं होतं. बाईला सोडायला कुणी शिकवावं लागत नाही. शेवटी जेवायचं, उरलेलं खायचं, कमी पडलं तर पाणी प्यायचं, हा नेम आपण जन्मभर करतो. २०१९ ते २१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. दोघींत एकीपेक्षा जास्त. अशा बाईने आणखी काही सोडलं, तर त्याला नेम म्हणायचं की उपासमार?

म्हणून आम्ही नियम उलटा केला. आधी ताटात घालायचं, मग काढायचं. पहिले पंधरा दिवस कुणीच काही सोडायचं नाही. रोज ताटात दोन जास्तीच्या गोष्टी यायला हव्यात: एक कडधान्य आणि एक पालेभाजी. ज्यांना हे पंधरा दिवस जमलं, त्यांनीच पुढचे एकवीस दिवस नेम करायचा.

आता दूध सोडलं तर काय जातं ते पाहू.

पहिलं म्हणजे कॅल्शियम. बाईला दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम लागतं. कपभर गाईच्या दुधात १८० च्या आसपास मिळतं. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या आसपास असतं, म्हणजे एका मध्यम भाकरीत कपभर दुधाइतकं. पण नाचणीतलं सगळं अंगी लागत नाही. तिला मोड आणून किंवा पीठ आंबवून खाल्लं तर जास्त लागतं. आपल्या पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीकडच्या बायका नाचणी पिकवतात आणि विकून टाकतात. थोडी घरातही ठेवा. शिवाय तिळाची चटणी, शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची भाजी ही सगळी कॅल्शियमचीच घरं आहेत.

दुसरं म्हणजे प्रथिनं. पन्नास किलो वजनाच्या बाईला दिवसाला चाळीस-बेचाळीस ग्रॅम लागतात. मूठभर शेंगदाण्यात सहा-सात ग्रॅम, तेवढ्याच कोरड्या मटकीतही साधारण तेवढीच. भाकरीबरोबर डाळ किंवा कडधान्य खाल्लं की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. आपली मिसळ, पिठलं-भाकरी, हुलग्याचे शेंगोळे, उडदाचं घुटं, भगर आणि दाण्याची आमटी पाहा. दही-तूप वगळलं तर हे सगळं आधीपासून व्हेगनच आहे. त्यासाठी शहरातून महागडं डब्यातलं दूध आणायची गरज नाही.

तिसरं लोह. दुधात लोह जवळजवळ नसतंच, म्हणून दूध सोडल्याने ते कमी होत नाही. पण मटण, सुकट सोडली तर कमी होतं, कारण भाजी-धान्यातलं लोह शरीर कमी घेतं. त्याला साधा उपाय म्हणजे जेवणात लिंबू पिळा किंवा आवळा खा, आणि जेवणाआधी-नंतर तासभर चहा घेऊ नका. चहा लोह अंगी लागू देत नाही. रक्तवाढीची गोळीही चहाबरोबर घेऊ नका.

आणि चौथं, सगळ्यात महत्त्वाचं, ब-१२. हे धान्यात नाही, भाजीत नाही, कडधान्यात नाही. फक्त मांस, मासे, अंडी, दूध यांतच भरवशाचं मिळतं. ते कमी पडलं की थकवा येतो, हातापायांना मुंग्या येतात, जीभ लाल होते, विसरायला होतं. फार दिवस दुर्लक्ष केलं तर नसांना कायमची इजा होऊ शकते. शरीरात याचा साठा असतो, म्हणून धडधाकट बाईला एकवीस दिवसांत काही होत नाही. पण आपल्यापैकी अनेकींचा साठा आधीच कमी असतो. कायम व्हेगन राहायचं असेल तर ब-१२ ची गोळी घ्यावीच लागते. ती डॉक्टरांना विचारून, रक्त तपासून घ्या. यात घरगुती उपायावर भरवसा ठेवू नका. कॉलेजातल्या त्या पोरीलाही आम्ही हेच सांगितलं, आणि तिने तपासणी करून घेतली.

हा नेम कुणी करू नये, तेही स्पष्ट सांगतो. गरोदर बाईने, अंगावर पाजणाऱ्या आईने, लहान मुलांनी, रक्त कमी असलेल्यांनी आणि आजारातून उठलेल्यांनी हा नेम करू नये. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत चौरस आहार मिळतो, मुलांना अंडं मिळतं. ते सोडू नका, आणि दुसऱ्या कुणाला सोडायला लावू नका. पाड्यावरच्या घरात सुकट, खेकडे, अंडं हेच ताटातलं बळ असतं. जी बाई हे खाते ती कमी प्रतीची आणि जी सोडते ती वरची, असं आमच्या गटात कुणी म्हटलं तर आम्ही बैठक थांबवतो. काय खावं यावरून माणसाची पायरी ठरवायची नाही.

आता आमचं काय झालं ते ऐका. नेमाआधी सगळ्याजणी उपकेंद्रात जाऊन रक्त तपासून आलो. चौघींचं रक्त इतकं कमी निघालं की त्यांना नेमातून बाजूला ठेवलं आणि गोळ्या सुरू केल्या. कधीची चक्कर येते म्हणून अंगावर काढणारी एक सून त्यांतच होती. नेम झाला नसता तर ती तपासणीला गेलीच नसती.

उरलेल्या सातजणींना सर्वात जड गेलं ते चहाचं. पहिले चार दिवस डोकं दुखलं, चिडचिड झाली. मग कुणी गवती चहा, आलं आणि गूळ घालून कोरा चहा करू लागली. गुळाने दूध फाटतं ही कटकटही संपली. एकीने शेंगदाणे रात्रभर भिजवून, वाटून, गाळून त्याचं दूध केलं. चहाला ते तिला आवडलं, तिच्या सासूबाईंना मुळीच नाही! बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका पाहून एकजण निश्चिंत होती. पण हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, त्यात दुधाची पावडर असू शकते. व्हेगन पदार्थांसाठी सरकारने २०२२ पासून वेगळी खूण ठरवली आहे. घटक वाचायची सवय मात्र आम्हा सगळ्यांना तेव्हाच लागली.

सत्यनारायणाच्या प्रसादाला काय करायचं, यावर भांडण झालं. एकीने प्रसाद घेतला आणि नेम तिथे संपवला. दुसरीने प्रसाद घेतला आणि दुसऱ्या दिवशी नेम पुढे चालू ठेवला. आम्ही दोघींनाही बरोबर म्हटलं. शेवटी एकवीस दिवस पूर्ण केले ते चौघींनी.

गोठ्याचा प्रश्नही निघाला. "सगळ्यांनी दूध सोडलं तर आपल्या म्हशींचं काय? डेअरीचा पगारच बंद होईल." प्रश्न खरा आहे. आमचं घर दुधावर चालतं आणि दूध पिणं पाप आहे असं आम्ही म्हणत नाही. पण त्या दिवसांत गोठ्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं गेलं, हेही खरं. वासराला पुरेसं पिऊ देतो का? भाकड जनावराचं काय करतो? या प्रश्नांची पूर्ण उत्तरं आमच्याकडे नाहीत. एवढं ठरलं की वासराचा वाटा आधी सोडायचा, मग धार काढायची.

आणि त्या मावशी? त्यांनी नेम केलाच नाही. त्यांनी वेगळा नेम केला. एकवीस दिवस रोज सगळ्यांबरोबर पंगतीत बसून जेवायच्या, आणि धार काढल्यावर पहिला कप स्वतः प्यायच्या. पहिल्या दिवशी घरात सगळे बघत राहिले. मावशी म्हणाल्या, "मला लाज वाटली, पण प्याले." श्रावण संपला, आमच्या चौघींचा नेम संपला. मावशींचा अजून चालू आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या गटात करून पाहायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा. आधी रक्त तपासा. पंधरा दिवस ताट भरा, मग सोडा. आठवड्यातून एक दिवस, मग एक आठवडा, असं सावकाश करा. चक्कर आली, मुंग्या आल्या तर लगेच थांबा आणि दवाखान्यात जा. कुणाला जबरदस्ती नको, कुणाला नावं ठेवायची नाहीत. आणि काही सोडायचं नसेल, तर मावशींचा नेम घ्या. तो सगळ्यांना करता येतो.