गुळवेलीला भाव कसा मिळाला?



आमच्या वळ गावाभोवती गोदामेच गोदामे आहेत. मोठ्या कंपन्यांचा माल इथून गावोगाव जातो. याच भिवंडी तालुक्यात दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर येतात. पावसाळ्यात घेतलेली उचल त्यांना मजुरीतून फेडायची असते. “या लोकांना धंदा जमत नाही,” असे कोणी म्हटले, की मी शेजारच्या शहापूर तालुक्याचे उदाहरण देतो.

शहापूरचे कातकरी रानातून गुळवेल आणतात. एकट्याने ओली वेल विकली, तर भाव व्यापारी ठरवतो. घरात रात्रीच्या जेवणाची सोय नसेल, तर माल राखून ठेवता येत नाही. तिथल्या काही तरुणांनी ही रीत बदलली. सर्वांची गुळवेल एकत्र करून वाळवायची आणि थेट औषध कंपन्यांना पुरवायची, असे त्यांनी ठरवले. पुढे त्यांना वन धन योजनेची जोड मिळाली. ही केंद्रीय योजना १४ एप्रिल २०१८ रोजी सुरू झाली. तिच्यात साधारण २० जणांचा एक गट आणि १५ गटांचे एक केंद्र असते. २०२१ पर्यंत शहापूरच्या केंद्राला डाबर, हिमालया यांसारख्या कंपन्यांकडून सुमारे १ कोटी ५७ लाख रुपयांची मागणी आली.

यातली खरी किल्ली आहे खेळते भांडवल. कंपनीचे पैसे उशिरा येतात. वेल आणणाऱ्या बाईला ते त्याच दिवशी हवे असतात. गटाकडे निधी असेल, तर तिला रोख मिळते आणि माल वाळेपर्यंत थांबता येते. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करून विकण्याचा हक्क दिला आहे. पण काटा व्यापाऱ्याचा असेल, तर तो हक्क कागदावरच राहतो.

म्हणून माझी विनंती अशी: अडीअडचणीला धान्य-कपडे द्याच, शिवाय एखाद्या गटाला वजनकाटा, वाळवणासाठी ताडपत्री, पहिल्या खेपेचे भांडवल द्या. विक्री झाली, की तेच पैसे पुढच्या खेपेला लागतात. बँक खाते, जातीचा दाखला यांसाठी कचेरीत सोबत जाणेही मोलाचे आहे. मंडळीत कोणाचा वाहतुकीचा व्यवसाय असेल, तर शहापूरहून रिकाम्या परतणाऱ्या टेम्पोत चार गोण्यांना जागा करून द्या.

हे पावसाळ्याआधी झाले, तर काही घरांना यंदा उचल घ्यावी लागणार नाही.