सोड्याचं पाणी हाताशी

ओळखीतल्या एका बाईंच्या दोन्ही गालांवर बाळंतपणापासून वांग होता. मोठ्या शहरात जाऊन त्यांनी लेसरच्या बैठका घेतल्या. वांग बराच फिकटला, पण गालभर बारीक पांढरे ठिपके उठले. पूर्वी लोक त्यांना "उन्हात फिरता का?" असं विचारायचे, आता "कोड आहे का?" असं विचारतात. हा दुसरा प्रश्न मी एका हळदीकुंकवात माझ्या कानांनी ऐकला आणि हे उपचार जवळून बघायचं ठरवलं. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी पेशंटना विचारून मला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसू दिलं.

दवाखान्यात कामाच्या खोल्या दोन. लेसरच्या खोलीत एसी, चाकांवरचं यंत्र आणि दारावर गॉगल घालण्याची सूचना. पीलच्या, म्हणजे आम्ल लावून वरची कातडी सोलण्याच्या, खोलीत टेबल, बेसिन, भिंतीवरचं घड्याळ आणि प्लास्टिकचा एक हातपंखा. बाहेर बसलेल्या बायका लेसरच्या दाराकडे जास्त आदराने बघतात. दरही त्या आदराला धरूनच आहेत. इथे पीलची बैठक दोन हजारांच्या आत होते, लेसरचे त्याच्या दुपटीहून जास्त पडतात.

वांगासाठी इथे क्यू-स्विच्ड एनडी-याग लेसर वापरतात. त्याचा प्रकाश १०६४ नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा. तो कुठे पडतोय हे कळावं म्हणून सोबत एक लाल ठिपका चालतो. एकेक झोत काही नॅनोसेकंदांचा असतो, आणि एका सेकंदात शंभर कोटी नॅनोसेकंद असतात. एवढ्या अवधीत रंगद्रव्याचे कण फुटावेत आणि आजूबाजूच्या कातडीला भाजायला वेळच मिळू नये, असा हिशेब. पेशंटच्या डोळ्यांवर झाकणं, टक-टक-टक असा कोरडा आवाज, गार हवेची नळी. दहा-पंधरा मिनिटांत चेहरा गुलाबीसर होतो आणि पुढची पेशंट आत येते.

वास मात्र मागे राहतो. गालावरची बारीक लव जळते, तिचा. एसीच्या गारव्यात केस जळल्याचा वास फार विचित्र लागतो. मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसले तरी तो नाकातून जाईना. त्याच वेळी बाहेर काउंटरवरची मुलगी कोणाला तरी सांगत होती, "काही गरम-बिरम लागत नाही हो, नुसता लाईट असतो."

खरी अडचण त्या गरम-बिरममध्येच आहे. वांगातल्या रंगपेशी चेकाळलेल्या असतात. ऊन, चुलीची धग, गरोदरपणातली किंवा गर्भनिरोधक गोळ्यांमधली संप्रेरकं, यातलं काहीही त्यांना पुन्हा कामाला लावतं, आणि घराण्यातच वांग असेल तर त्यांना फार निमित्त लागत नाही. लेसर तयार झालेला रंग फोडतं, पण रंग करणाऱ्या पेशी जागेवरच असतात. जोर वाढवला तर त्या दुखावतात आणि जास्तच रंग ओततात. हलक्या जोराने महिनोन्‌महिने मारा चालू ठेवला तर काही ठिकाणी त्या कायमच्या गप्प होऊ शकतात. आमच्या बाईंच्या गालांवरचे ठिपके हे असे. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली उन्हात कातडी किती भाजते आणि किती रापते यावरून तिचे प्रकार पाडले. पहिले चार प्रकार गोऱ्या कातडीचेच होते, पाचवा आणि सहावा नंतर जोडले गेले. आपल्यापैकी बहुतेक जण चौथ्या-पाचव्यात येतात. या कातडीला इजा झाली की ती काळ्या डागाने उत्तर देते. मुरूम फोडलेल्या कुठल्याही मुलीला हे ठाऊक असतं.

काउंटरवर एक आकडा दिवसभर ऐकू येतो, सत्तर टक्के. "सहा बैठकांत सत्तर टक्के फरक पडतो, मॅडम." कशाचे सत्तर टक्के, असं मी त्या मुलीला विचारलं. ती हसून म्हणाली, "म्हणजे बराच." डॉक्टरबाईंना विचारलं तेव्हा त्यांनी एक छापील कागद पुढे सरकवला. त्यावर कपाळ, उजवा गाल, डावा गाल आणि हनुवटी असे चेहऱ्याचे चार भाग होते. प्रत्येक भागात वांग किती पसरलाय, किती गडद आहे आणि किती सलग आहे याचे गुण देऊन बेरीज करायची, जास्तीत जास्त ४८. "सत्तर टक्के म्हणायचं तर या अठ्ठेचाळीसच्या हिशेबात म्हणा," त्या म्हणाल्या, "आणि उपचार थांबवल्यावर सहा महिन्यांनी परत मोजा." सहा महिन्यांनी मोजायला किती जणी येतात? त्यांनी खांदे उडवले. बाहेर सत्तर टक्के चालूच होतं आणि ते थांबवायला त्याही उठल्या नाहीत.

मला पुन्हा पुन्हा पीलच्या खोलीत ओढत होत्या त्या तिथल्या सिस्टर. कागलहून रोज एसटीने येतात, आणि पीलच्या वेळी वेळ मोजणं हे त्यांचं काम. चेहरा धुऊन, स्पिरिटने तेलकटपणा पुसून, डोळ्यांचे, ओठांचे आणि नाकाचे कोपरे व्हॅसलीनने बुजवले की डॉक्टरबाई ब्रश हातात घेतात. वाटीत ग्लायकॉलिक आम्ल असतं. हे उसातही सापडतं, असं कोल्हापुरात सांगितलं की पेशंट एकदम सैल होतात, जणू तोंडाला काकवीच लावणार आहेत. बाटलीतलं आम्ल अर्थात कारखान्यात बनतं. बाटल्यांवर वीस, पस्तीस, पन्नास, सत्तर असे आकडे असतात. या खोलीतला सत्तर टक्के मोजून केलेला आहे, आणि पहिल्या बैठकीला त्याला कोणी हातही लावत नाही.

ब्रश आधी कपाळावर, मग गालांवर आणि हनुवटीवर फिरतो, डोळ्यांखालची नाजूक जागा शेवटी. पहिला फटकारा बसला की सिस्टर मोजायला लागतात, दर पंधरा सेकंदांनी, मोठ्याने. घड्याळ समोर असतं, तरी तोंडाने. एका हातात पंखा, दुसऱ्या हातात खाण्याचा सोडा विरघळवलेल्या पाण्याची फवाऱ्याची बाटली.

"झोंबतंय काय? धातलं किती?"

"पाच."

"सा झालं की सांगायचं. गप सोसायचं न्हाई, हितं बक्षीस न्हाई."

एका मुलीच्या नाकपुडीपाशी नाण्याएवढी लाली उठली. डॉक्टरबाई तेव्हा दुसऱ्या गालाकडे बघत होत्या. सिस्टरनी विचारलंही नाही, तेवढ्याच जागेवर फवारा मारला. फस्स झालं, पांढरा फेस आला, तिथलं आम्ल निवलं. बाकीच्या चेहऱ्यावरचं आणखी काही सेकंद चालू राहिलं. ठरले होते तीन मिनिटांचे, सगळा चेहरा दोन मिनिटं दहा सेकंदांना धुतला गेला. "तीन कागदावर," सिस्टर बाटली खाली ठेवत म्हणाल्या, "कातडी कुठं कागद वाचती?"

माझा कौल या खोलीकडे झुकला तो इथे. सुटलेला झोत परत बोलावता येत नाही. हे आम्ल अर्ध्यात अडवता येतं, चेहऱ्याच्या एखाद्या कोपऱ्यापुरतंसुद्धा. सगळी आम्लं अशी ऐकणारी नसतात. ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्लाने कातडीवर पांढरा थर धरला की सोडा काही करू शकत नाही, म्हणून वांगाला इथे ते क्वचितच काढतात. आणि मोजणारं माणूस नसेल तर ग्लायकॉलिकसुद्धा चेहरा जाळतं. आजकाल ते ऑनलाइन मागवून न्हाणीघराच्या आरशासमोर लावतात, त्याचे परिणाम याच खोलीत परत येतात. शिवाय पीलची धाव वरच्या थरापुरती. रंग खोल उतरला असेल तर तिथे लेसरच पोचतं, हे डॉक्टरबाई मान्य करतात. त्यांचा क्रम ठरलेला आहे: आधी सनस्क्रीन आणि क्रीम, त्यात भागलं नाही तर पील, आणि लेसर सगळ्यात शेवटी, तेही बाकीचं चालू ठेवून. काउंटरवर हा क्रम नेमका उलटा ऐकू येतो.

क्रीमचीही एक कथा आहे. १९७५ सालीच अमेरिकेत क्लिगमन आणि विलिस या त्वचारोगतज्ज्ञांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड एकत्र करून डाग उतरवण्याचं मिश्रण दिलं. त्याच घराण्यातली क्रीमं आपल्याकडे मेडिकलच्या दुकानातून गोरं होण्यासाठी नेली जातात आणि काही आठवडे म्हणून दिलेली ट्यूब वर्षानुवर्षं तोंडाला चोळली जाते. २०१८ साली केंद्र सरकारने त्वचेवर लावायची अनेक स्टिरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरीही माझ्यासमोर एक कॉलेजची मुलगी आली ती लाल, पातळ, नसा दिसणारी कातडी घेऊन. तिला पील हवा होता. डॉक्टरबाईंनी तिला दोन्ही खोल्यांपासून लांब ठेवलं आणि आधी ती ट्यूब सोडवायचं वेळापत्रक लिहून दिलं. मुलगी रडवेली झाली. हे सोडवणं सहा पीलपेक्षा अवघड असतं म्हणतात.

शेवटी आल्या खानावळवाल्या ताई. चाळिशी ओलांडलेली, कपाळ आणि दोन्ही गाल गडद. लेसरचं पॅकेज कुठेतरी ऐकून आल्या होत्या.

"रोज किती भाकऱ्या?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"दीडशे. यात्रंत मोजत न्हाई."

जोतिबाची चैत्री यात्रा तोंडावर होती. डॉक्टरबाईंनी लेसरही नको म्हटलं आणि पीलही. सोललेली ताजी कातडी घेऊन तव्यापुढे आणि चैत्राच्या उन्हात उभं राहिलं तर वांग दुप्पट जोमाने येईल. पाऊस लागल्यावर बघू. तोवर भाजायचं काम दुसऱ्या बाईला द्या, तुम्ही थापा.

"थापणारी मिळंल ओ मॅडम. भाजणारी मिळत न्हाई."

मग गॅसवर एक्झॉस्ट फॅन बसवायचं ठरलं, रात्री लावायचं क्रीम ठरलं आणि लोहाचा ऑक्साइड घातलेलं कातडीच्या रंगाचं सनस्क्रीन ठरलं. उन्हातला डोळ्यांना दिसणारा उजेडही वांग वाढवतो आणि साधं पांढरं सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही, म्हणून रंगीत. काउंटरवर त्या मुलीने सवयीने सहा बैठका आणि सत्तर टक्के सुरू केलं. ताईंनी ऐकून घेतलं, ट्यूबची किंमत विचारली, पन्नास रुपये कमी करायला लावले आणि पिशवीत टाकता टाकता सिस्टरना हाक मारली. वाफेनं हे ओघळंल की?

"ओघळतंय," सिस्टर म्हणाल्या. "दर तीन तासांनी परत लावायचं. दोन बोटं भरून. आन्‌ पिठाच्या हातानं न्हाई."