रोखप्रवाह, लघुउद्योगांतील मंदीकालीन
ठराविक कालावधीत व्यवसायात प्रत्यक्ष येणारी व त्यातून बाहेर जाणारी रोकड म्हणजे त्या व्यवसायाचा रोखप्रवाह होय. नफा आणि रोकड या भिन्न गोष्टी आहेत. उधारीवर माल विकला, की हिशेबवहीत नफा दिसतो. मजुरी, वीजबिल व कर्जाचे हप्ते मात्र रोखीनेच भागवावे लागतात. त्यामुळे नफ्यात चाललेला उद्योगही रोकडीअभावी बंद पडू शकतो. मंदीत हा धोका वाढतो.

कच्च्या मालात गुंतविलेला पैसा विक्रीनंतर वसूल होऊन परत हाती येण्यास लागणाऱ्या काळास रोकडचक्र म्हणतात. समजा, एखाद्या कारखान्यात माल सरासरी ४५ दिवस पडून राहतो, वसुली ६० दिवसांनी होते आणि पुरवठादाराचे देणे ३० दिवसांनी फेडावे लागते. तर रोकडचक्र ७५ दिवसांचे होते. दैनिक खर्च १०,००० रु. असल्यास सु. ७.५ लाख रु. खेळते भांडवल लागते. मंदीत हेच काल अनुक्रमे ६०, ९० व १५ दिवस झाले, तर चक्र १३५ दिवसांचे होते. अशा वेळी उत्पादन एक-चतुर्थांशाने घटविले, तरी भांडवलाची गरज १० लाख रुपयांवर जाते. धंदा आक्रसत असतानाच पैशाची गरज वाढते, हे मंदीचे वैशिष्ट्य होय.

यावर पहिला उपाय म्हणजे पुढील सु. तीन महिन्यांच्या जमाखर्चाचे आठवडेवार अंदाजपत्रक. त्यावरून तूट केव्हा पडेल हे आधी कळते आणि बँकेकडे वेळीच जाता येते. मंदगतीने खपणारा माल कमी करणे, येण्यांची मुदतवार यादी ठेवून पाठपुरावा करणे, यंत्रखरेदी लांबणीवर टाकणे आणि पुरवठादारांशी हप्ते ठरविणे हे अन्य उपाय होत. अल्पमुदतीच्या कर्जातून स्थिर मालमत्ता घेणे टाळावे.

भारतात सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ अन्वये सूक्ष्म व लघु पुरवठादारांचे देणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत चुकते करावे लागते. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज देय होते. तथापि मोठा ग्राहक दुरावेल या भीतीने अनेक लघुउद्योजक या हक्काचा आग्रह धरीत नाहीत. रिझर्व्ह बँकेने मान्यता दिलेल्या ट्रेड्स या इलेक्ट्रॉनिक व्यवस्थेत ग्राहकाने मान्य केलेली येणी मुदतीपूर्वी वटविता येतात.

कोविड साथीच्या काळात, मे २०२० मध्ये, केंद्र शासनाने पात्र उद्योगांना २९ फेब्रुवारी २०२० रोजीच्या थकीत कर्जशिलकेच्या २० टक्क्यांपर्यंत अतिरिक्त कर्ज शासकीय हमीवर उपलब्ध केले. अशा कर्जाने उसंत मिळते. परंतु वसुली सुधारली नाही, तर तात्पुरती तूट कायमच्या ऋणभारात रूपांतरित होते.